काम आणि सिनेमासाठी एकच पडदा : निवड कशी करावी?

चेन्नई : तमिळनाडूत घरोघरी पडदे पोहोचवण्याचे काम एके काळी खुद्द राज्य सरकारनेच केले. २००६ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या द्रमुक सरकारने त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून १४ इंची रंगीत दूरचित्रवाणी संच मोफत वाटण्यास प्रारंभ केला. २०११ साली सत्तांतर झाले आणि अण्णाद्रमुक सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना आखली. या मोफत वाटपाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या काळी करमणुकीचा पडदा निराळा आणि कामाचा पडदा निराळा, ही विभागणी सर्वांनीच गृहीत धरलेली होती.

आज ती तशी राहिलेली नाही. २०२० साली टाळेबंदीत चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम मार्गावरील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी घरून काम करू लागले. त्याच वर्षी २९ मे रोजी 'पोन्मगळ वंदाळ' आणि १२ नोव्हेंबर रोजी 'सूरराई पोट्रू' हे तमिळ चित्रपट चित्रपटगृहांऐवजी थेट इंटरनेटवरून घरांत पोहोचले. दिवसा कार्यालय आणि रात्री चित्रपटगृह, अशी दोन्ही कामे एकाच खोलीतील एकाच पडद्यावर आली.

नोकरीनिमित्त पुणे, नागपूर किंवा कोल्हापूर सोडून चेन्नईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुणांपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो. घरमालकाला अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम दिल्यावर दूरचित्रवाणी संच आणि संगणकाचा मॉनिटर अशा दोन्ही वस्तू घेणे अनेकांना परवडत नाही. परवडले तरी त्या ठेवण्यास जागा नसते. मग एकच पडदा घ्यायचा असेल, तर तो कोणता? हा प्रश्न मुंबई, नाशिक वा बंगळुरू येथील वाचकांनाही तितकाच लागू आहे.

दोन कामांच्या दोन गरजा

चेन्नई हे शहर या दोन्ही कामांचे माहेरघर आहे. कोडंबाक्कम परिसरातील स्टुडिओंनी दक्षिणेचा चित्रपट घडवला, तर तरमणी येथील टायडेल पार्क २००० साली सुरू झाल्यानंतर शहराच्या दक्षिण भागात संगणक उद्योगाचा विस्तार झाला. चित्रपट आणि संगणक यांची गाठही येथे लवकर पडली. अ‍ॅव्हिड या संगणकीय संपादन प्रणालीचा वापर झालेला भारतातील पहिला चित्रपट म्हणून कमल हासन यांचा 'महानदी' (१९९४) ओळखला जातो.

तथापि, संपादनाच्या कक्षांत आजही सामान्यतः एकाहून अधिक पडदे असतात. कामाच्या खिडक्या एकावर आणि चित्र दुसऱ्यावर. याचे कारण असे, की वाचण्याजोगा पडदा आणि पाहण्याजोगा पडदा यांच्या गरजा भिन्न आहेत. वाचनासाठी अक्षरांच्या कडा रेखीव हव्यात, पडदा हाताच्या अंतरावर असावा आणि तासन्‌तास पाहूनही डोळे शिणू नयेत. चित्रपटासाठी काळा रंग खरोखर काळा दिसावा, चित्र मोठे असावे आणि हालचाल सलग भासावी.

दोन्ही गरजा शंभर टक्के भागवणारा पडदा मिळणे कठीण असते. कोठेतरी तडजोड करावी लागते. ती कोठे करायची, हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आठवड्याचा हिशेब मांडणे. रोज आठ तास आणि आठवड्याचे पाच दिवस काम करणारा माणूस पडद्यावर ४० तास वाचतो. अडीच तासांचे दोन चित्रपट पाहिले, तर ते पाच तास होतात. याचा अर्थ वाचनाचा वाटा आठपट आहे. शिवाय चित्रपटाच्या वेळी खुर्ची मागेपुढे सरकवता येते, दिवे मालवता येतात. परंतु अक्षरे अस्पष्ट असतील तर त्यावर नंतर कोणताही उपाय चालत नाही. म्हणून कामाच्या माणसाने प्रथम अक्षरांची कसोटी लावावी आणि तीत उतरलेल्या पडद्यांतून चित्रपटासाठी उत्तम असेल तो निवडावा.

अक्षरांची कसोटी

पडद्यावरील प्रतिमा बारीक चौकोनी ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, बनलेली असते. निकोप डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांवरून पाहताना हे माप सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. पिक्सेल याहून पुष्कळ मोठा असेल, तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात.

येथे अनेक ग्राहकांची फसगत होते. ३२ इंची स्वस्त दूरचित्रवाणी संच मोठा, आकर्षक आणि किफायतशीर वाटतो. परंतु असे अनेक संच 'एचडी रेडी' असतात, म्हणजे त्यांत आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल असतात. त्यांचा एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून मोठा असतो. सात फुटांवरून मालिका पाहताना हे जाणवत नाही. दोन फुटांवरून हिशेबाचा तक्ता वाचताना मात्र लगेच जाणवते.

निरनिराळ्या पडद्यांची तुलना दर इंचातील पिक्सेलच्या संख्येवरून करता येते. ३२ इंची एचडी रेडी पडद्यात ही संख्या सुमारे ४९ असते, तर ३२ इंची फुल एचडी पडद्यात ६९. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये ती ९२ भरते. २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६० गुणिले १४४० पिक्सेलच्या मॉनिटरमध्ये १०९, ४३ इंची फोर-के पडद्यात १०२, ३२ इंची फोर-केमध्ये १३८ आणि २७ इंची फोर-केमध्ये १६३ असते. टेबलावर दिवसभर काम करायचे असल्यास ही संख्या ९० पेक्षा कमी नसावी. १०० च्या पुढे असल्यास उत्तम.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना या संख्येचे महत्त्व अधिक आहे. इंग्रजी अक्षरे बहुतांशी एकाच ओळीत बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे एका ओळीच्या उंचीत अधिक तपशील बसवावा लागतो. 'कस' आणि 'कंस' यांत केवळ एका बिंदूचा फरक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद रकाराच्या एका लहानशा वळणावर अवलंबून आहे. तमिळ लिपीतही व्यंजनावरील 'पुळ्ळी' हा बिंदू दिसला नाही, तर उच्चार बदलतो. दुकानात पडदा पाहताना इंग्रजी जाहिरातपट पाहून निर्णय घेण्याऐवजी मराठी वृत्तपत्राचे पान लहान अक्षरांत उघडून पाहणे अधिक उपयोगी ठरते.

आकार आणि अंतर

चित्रपट पाहताना पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, असा घरगुती प्रेक्षकांसाठी एक प्रचलित निकष आहे. त्यानुसार २७ इंची पडद्यासाठी योग्य अंतर सुमारे १.१ मीटर, ३२ इंचीसाठी १.३ मीटर आणि ४३ इंचीसाठी १.८ मीटर येते.

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीचे उदाहरण घेऊ. भिंतीला टेबल, टेबलावर पडदा आणि समोर पलंग. पलंगावर बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून सहा फुटांवर येतात. तेथून २७ इंची पडदा जेमतेम १९ अंश व्यापतो, ३२ इंची सुमारे २२ अंश आणि ४३ इंची २९ अंश. म्हणजे पलंगावरून सिनेमा पाहायचा असेल, तर ४३ इंची पडदाच योग्य ठरतो.

परंतु तोच ४३ इंची पडदा टेबलाशी बसून ६५ सेंटिमीटरवरून पाहिला, तर ७२ अंश व्यापतो. कोपऱ्यातील मजकूर वाचण्यासाठी मान सतत वळवावी लागते आणि वरचा भाग पाहण्यासाठी ती उंचावावी लागते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी, हा बैठकीचा सर्वमान्य नियम येथे पाळता येत नाही. टेबल खोल असेल आणि पडदा ९० सेंटिमीटर दूर ठेवता येत असेल, तर ४३ इंचीचा विचार करावा, अन्यथा नाही.

बहुतेकांच्या बाबतीत यातून मधला मार्ग निघतो तो ३२ इंची फोर-के पडद्याचा. कामाच्या वेळी तो ६५ ते ७५ सेंटिमीटरवर ठेवावा. चित्रपटाच्या वेळी पलंगावर न जाता खुर्चीच सव्वा मीटर मागे घ्यावी. अक्षरे बारीक वाटल्यास संगणकात ती दीडपट मोठी करावीत. तसे केल्यावर कामाची जागा क्यूएचडी पडद्याइतकी राहते आणि कडा मात्र अधिक रेखीव दिसतात. टेबल अरुंद असल्यास किंवा चित्रपट क्वचितच पाहिले जात असल्यास २७ इंची पडदा पुरेसा आहे.

मोठ्या पडद्यांवरील कराचा मुद्दाही येथे नोंदवण्याजोगा आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर आणि मॉनिटरवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या पडद्यांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांवरील करही १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे आता केवळ करासाठी ३२ इंचांवर थांबण्याचे कारण उरलेले नाही. निर्णय टेबलाच्या खोलीवरच घ्यावा.

काळा रंग किती काळा?

चित्रपटातील रात्रीची दृश्ये पडद्याची खरी परीक्षा घेतात. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या तेजातील प्रमाण साधारणपणे १००० ला १ असते. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा भाग राखाडी दिसतो. मात्र हे पॅनेल कोणत्याही बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत आणि वाचनासाठी ते भरवशाचे आहे. व्हीए पॅनेलमध्ये हे प्रमाण ३००० ला १ किंवा त्याहून अधिक असते. रात्रीची दृश्ये त्यावर अधिक खोल दिसतात, परंतु बाजूने पाहिल्यास रंग फिकट होतात आणि काळ्या भागातील वेगवान हालचालीमागे कधीकधी पुसट सावली राहते.

ओलेड पडद्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि संपूर्ण विझूही शकतो. म्हणून त्यावरील काळा रंग अजोड असतो. चित्रपटासाठी याहून उत्तम पडदा घरात मिळणे कठीण. परंतु कामाच्या दृष्टीने त्यात दोन उणिवा आहेत. संगणकावरील खालची पट्टी किंवा तक्त्याच्या रेषा रोज तासन्‌तास एकाच जागी राहिल्या, तर त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटू शकतो. तसेच अनेक ओलेड पॅनेलमधील रंगबिंदूंची मांडणी निराळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. पिक्सेलची घनता वाढली, की ही किनार कमी जाणवते. काही कंपन्या ठसा उमटण्याच्या दोषासाठीही हमी देतात. ती लेखी आहे का, हे पाहावे.

यावरून असे म्हणता येईल, की मुख्यतः लेखन-वाचन करणाऱ्यांनी आयपीएस, रात्री दिवे मालवून नियमित चित्रपट पाहणाऱ्यांनी व्हीए आणि काम थोडे व चित्रपट अधिक अशांनी ओलेड निवडावा.

वेष्टनावरील 'एचडीआर' या शब्दाने भुलून जाऊ नये. 'डिस्प्लेएचडीआर ४००' या प्राथमिक श्रेणीसाठी पडद्याच्या निरनिराळ्या भागांचा प्रकाश स्वतंत्रपणे कमी-अधिक होण्याची अट नाही. त्यामुळे उजळ आणि गडद भागांतील जो भेद चित्रपटात अपेक्षित असतो, तो अशा पडद्यावर फारसा दिसत नाही.

गती आणि रुंदी

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने दाखवला जातो. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. साठाला चोविसाने पूर्ण भाग जात नसल्यामुळे एक चित्र दोनदा, तर पुढचे तीनदा दाखवावे लागते. कॅमेरा संथपणे बाजूला वळतो तेव्हा यामुळे बारीक हिसके जाणवतात. १२० किंवा १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ही अडचण येत नाही, कारण दोन्ही संख्यांना २४ ने पूर्ण भाग जातो. अशा पडद्यावर मजकूर वरखाली सरकवतानाही तो अधिक सलग दिसतो. किमतीतील फरक थोडा असल्यास ही सुविधा घ्यावी.

पडद्याच्या रुंदीचा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासाशी निगडित आहे. दूरचित्रवाणीशी स्पर्धा करण्यासाठी हॉलिवूडने १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाद्वारे सिनेमास्कोप प्रेक्षकांपुढे आणला. भारतात 'कागज के फूल' (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट ठरला आणि तमिळमध्ये तंजावरच्या चोळ सम्राटावरील 'राजराज चोळन' (१९७३). अशा रुंद चित्रपटांचे प्रमाण हल्लीही मोठे आहे. नेहमीच्या १६:९ प्रमाणाच्या पडद्यावर ते पाहताना वर आणि खाली मिळून उंचीचा सुमारे चौथा भाग काळा राहतो.

त्यावर उपाय म्हणून २१:९ प्रमाणाचे अतिरुंद मॉनिटर मिळतात. ३४ इंची अतिरुंद मॉनिटरची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच असते. रुंद चित्रपट त्यावर पूर्ण भरतो आणि कामाच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी मावतात. परंतु बातम्या व मालिका १६:९ मध्येच असतात आणि जुने चित्रपट त्याहूनही अरुंद असतात. 'श्यामची आई' (१९५३) अशा पडद्यावर लावल्यास रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग रिकामा राहील. ज्यांच्या घरी सर्व प्रकारचे कार्यक्रम पाहिले जातात, त्यांना १६:९ हेच प्रमाण सोयीचे आहे.

दूरचित्रवाणी संच की मॉनिटर?

समान आकाराचा फोर-के दूरचित्रवाणी संच मॉनिटरपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. त्यात ध्वनिवर्धक आणि इंटरनेट सेवाही असतात. परंतु तो संगणकाला जोडण्यापूर्वी एक चाचणी आवश्यक आहे. चित्रपटांच्या प्रसारणात जागा वाचवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलचे तेज नोंदवले जाते, पण रंग चार पिक्सेलमागे एकदाच. काही संच संगणकाच्या चित्रालाही हीच रीत लावतात आणि रंगीत अक्षरे फिसकटतात. काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील लहान अक्षरे उघडून पाहावीत. ती स्पष्ट दिसत नसतील, तर संचातील 'पीसी' पर्याय निवडावा. तरीही सुधारणा झाली नाही तर तो संच कामासाठी घेऊ नये.

मॉनिटरच्या उणिवा निराळ्या आहेत. त्यातील ध्वनिवर्धक क्षीण असतात किंवा नसतातच. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते. संगणकाच्या ब्राउझरमधून चित्रपट पाहताना अनेक सेवा फोर-केऐवजी कमी दर्जाचे चित्र देतात. मॉनिटरच्या एचडीएमआय जोडणीत एचडीसीपी २.२ ची सोय असेल, तर दूरचित्रवाणीसाठी मिळणारी इंटरनेट स्टिक तिला जोडून पूर्ण दर्जाचे चित्र मिळवता येते.

आपल्या लॅपटॉपची क्षमताही आधी तपासावी. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला केवळ ३० वेळा बदलते आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. ६० साठी एचडीएमआय २.० आणि १२० साठी सामान्यतः २.१ लागते.

खोली आणि बाजार

चेन्नईत वर्षाचे बहुतेक महिने प्रखर ऊन असते. खिडकी पडद्यासमोर असेल, तर चकचकीत पडद्यात तिचे प्रतिबिंब उमटते आणि दिवसाचे काम त्रासदायक होते. अशा खोलीत मंद पृष्ठभागाचा पडदा घ्यावा आणि तो खिडकीला काटकोनात ठेवावा. चित्रपटासाठी जाड पडदे लावून खोली अंधारी करणे, हा चित्राचा दर्जा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खरेदीसाठी मुंबईत जसा लॅमिंग्टन रोड, तशी चेन्नईत अण्णा सालईजवळील रिची स्ट्रीट प्रसिद्ध आहे. दुकानात जाताना आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि तो जोडूनच पडदा पाहावा. दुकानातील संच डोळ्यांत भरावेत म्हणून अतिप्रखर ठेवलेले असतात. तेज कमी करून पाहण्याचा आग्रह धरावा. पायाची उंची बदलता येते का, मागे आधार-दांडा बसवण्याची छिद्रे आहेत का आणि मृत पिक्सेल आढळल्यास पडदा बदलून मिळेल का, या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. घरमालक भिंतीला छिद्र पाडू देत नसल्यास टेबलाला आवळून बसवता येणारा आधार-दांडा उपयोगी पडतो. त्यावर पडदा कामाच्या वेळी पुढे ओढता येतो आणि चित्रपटाच्या वेळी पलंगाकडे वळवता येतो. मात्र दांडा पडद्याचे वजन पेलेल याची खात्री करून घ्यावी.

पडदा कितीही चांगला असला, तरी दिवसभराचे काम आणि त्यानंतर रात्रीचा चित्रपट यांचा भार डोळ्यांवरच पडतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला म्हणूनच पाळावा. दोन पडदे असलेल्या घरात टेबल सोडून दिवाणखान्यात जाताना डोळ्यांना आपोआप विसावा मिळतो. एकाच पडद्यावर दोन्ही कामे करणाऱ्याने तो विसावा ठरवून घ्यायला हवा. काम संपल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा रस्त्यावर फेरी मारून यावे आणि मगच चित्रपट लावावा.